दुसरं गिऱ्हाईक

टेबल शोधत होते मी, दुसरं काही नाही. सृष्टी, माझी पोरगी, तिकडं लातूरला नीटच्या क्लासला राहिली होती. खोलीवर तिघीजणी, आणि हिला मांडी घालून अभ्यास होत नाही, पाठ धरते म्हणाली. नवं कशाला घेता, लातुरात दर जूनला पोरं खोल्या सोडून जातात आणि टेबलं, कूलर, गाद्या सगळं मोबाइलवर विकायला काढतात, असं ऑफिसातल्या एका बाईनं सांगितलं. म्हणून दुपारी डबा खाताना, डाव्या हातानं, मी ते जुन्या वस्तूंचं अॅप उघडलं. लोकांची तरी काय छाती असते. पाय हलणारं टेबल, वर कुणीतरी कंपासनं बदाम कोरलेला, आणि किंमत नव्याच्या वर. दहा वर्षांचा कूलर, त्याच्याखाली लिहिलंय, फिक्स रेट, टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये. गंजलेली सायकल, तिला "अँटिक" म्हणे. सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष पडून राहिलेल्या वस्तू, आणि मालकांचा ताठा कायम. मी मनातल्या मनात एकेकाची अब्रू काढत खाली खाली जात होते आणि टेबल नि कूलरच्या मधे ते आलं. पांढरं, चाकाचं, गुडघ्याएवढं. ऑक्सिजनचं मशीन. लातूर. किंमत पंच्याऐंशी हजार. खाली लिहिलं होतं, "फक्त २१२ तास चाललेले. कंडिशन एक नंबर. खरं गिऱ्हाईक असेल त्यानेच फोन करावा." मशीनच्या कपाळावर, म्हणजे वरच्या बाजूला, विभूतीच्या तीन पट्ट्या, बोटांनी ओढलेल्या. मधलं बोट जरा लांब गेलेलं. तोंडात कारळाची चटणी होती. ती मी गिळली का थुंकली ते मला आजही आठवत नाही, पण तेव्हापासून कारळ घरात आणलेलं नाही.

कारण ते मधलं बोट मी ओळखत होते. तोच फोटो नव्हता, पण तेच मशीन, त्याच पट्ट्या, आणि तोच आकडा. माझे मालक, मल्लिनाथ, वीज कंपनीत मीटर रीडिंगला होते. सत्तावीस वर्षं लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचून माणसाची नजर कशी होते ते माझ्याकडून ऐका. कुणाच्याही घरी गेलो, लग्न असो, मयत असो, पहिले डोळे मीटरकडं. आकडा वाचल्याशिवाय त्यांना त्या घरात आल्यासारखं वाटायचं नाही. एकदा मुलगी बघायला गेलो होतो, पुतण्यासाठी, तर पोह्याची ताटली हातात घेऊन हे मीटरखाली उभे. मी डोळे वटारले तर म्हणतात, "बंद पडलंय यांचं, चोरून चालवायलेत." ते लग्न काही जमलं नाही. एप्रिल एकवीसला, कोरोनात, नांदेडात दवाखान्यात खाट नव्हती. हे पुढच्या खोलीत पलंगावर पालथे, बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमटं, त्यावरचे आकडे. अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी. त्यांनाच वाचायची हौस, तर मी चिमटं उलटं लावायचे, आकडा त्यांना दिसू नये म्हणून. तेव्हा चुलत दिरानं नंबर पाठवला. गुरुपादप्पा, लातूर, गोलाईत भांड्यांचं दुकान. आपल्यातलाच माणूस आहे, लिंगवंत, न्हाई म्हणणार न्हाई, असं वर लिहिलं होतं.

आणि तो न्हाई म्हणाला नाही. "हाव अक्का, हाय की मशीन," म्हणाला. "हैदराबादहून आणलंय जुनं, मलाच महाग पडलंय. नव्वद द्या." मी देते म्हणाले. पाटल्या काढून उशाशी ठेवल्याच होत्या. त्यानं फोटो पाठवला. मी तो यांच्या तोंडासमोर धरला. यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मशीन बघितलं नाही, चाकं बघितली नाहीत, कोपऱ्यातलं ते छोटं मीटर मोठं केलं. जुन्या पद्धतीचं, आकडे फिरणारं मीटर, मशीन किती तास चाललं ते सांगणारं. ते वाचायला त्यांना किती वेळ लागला. श्वास घेऊन घेऊन म्हणाले, "दोनशे बारा. कमी चाललंय. घे." त्यानंतर ते शुद्धीत माझ्याशी काही बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणजे बोलले असतील, पाणी वगैरे मागितलं असेल. पण माझ्या हिशेबी हेच शेवटचं.

माझा भाऊ गाडी घेऊन पहाटेच निघाला. अहमदपूर ओलांडलं होतं त्यानं, तेव्हा गुरुपादप्पाचा फोन आला. "अक्का, तुमच्या भावाला माघारी बोलवा. दुसरं गिऱ्हाईक आलंय. जबान दिली मी." मी म्हणाले, मी जास्त देते. तो म्हणाला, पैशाचं न्हाई अक्का. मी म्हणाले, मग त्यांचा नंबर द्या, मी त्यांच्या पाया पडते, दोन दिवस आम्हाला द्या म्हणते, मग त्यांना. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता, कुणी भीक मागताना स्वतःला ऐकलंय का कधी. "नंबर कसा देऊ कुणाचा, तुम्हीच सांगा," म्हणाला, आणि फोन ठेवला. तरी भाऊ पुढं गेला, त्याच्या दारात जाऊन उभा राहिला, कडी वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी हे गेले, एका दवाखान्याच्या बोळात, बाकड्यावर, नंबर लागायच्या आधी.

पाच लिटरच्या मशीननं काय झालं असतं, असं लोक मला सांगतात. शिकलेले लोक सांगतात, डॉक्टरसुद्धा म्हणाला एक. म्हणू देत. मला ते ऐकायचंच नाही. मी दोन वर्षं वेगळ्याच माणसाचा विचार करत होते. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. आधी शिव्या दिल्या त्याला, रोज, भांडी घासताना, कामावर जाताना. यांच्या जागी मला अनुकंपावर घेतलं होतं, बिल दुरुस्तीच्या टेबलाला, तिथं लोकांचे चुकलेले आकडे बघता बघता मी त्या माणसाला शिव्या द्यायचे. मग हळूहळू त्या शिव्या बोथट झाल्या. त्याला बायको असेल, माझ्यासारखीच पाटल्या काढून बसलेली. एखादी पोरगी असेल. लातुरात कुठल्या तरी घरात ते मशीन घरघरत असेल, कुणीतरी श्वास घेत असेल, उठून बसलं असेल, चहात पोळी बुडवून खाल्ली असेल. आपलं गेलं, पण कुणाचं तरी राहिलं. हे मी स्वतःला पाजलं होतं, आणि खरं सांगते, ते बऱ्यापैकी मानवलंही होतं.

आणि आता, दोन वर्षांनी, डब्यापुढं बसून मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. जुना फोटो मी पुसला नव्हता, यांनी बोटं लावलेला फोटो कसा पुसणार. एप्रिल एकवीस, दोनशे बारा. जून तेवीस, दोनशे बारा. एक रात्र जरी कुणी त्या नळीतून श्वास घेतला असता तर आकडा दोनशे वीसच्या पुढं गेला असता. ते मशीन त्याच्या घरातून हललंच नव्हतं. कुणी चालवलंच नव्हतं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. आणि त्या माणसाची अक्कल बघा, त्यानं स्वतःच्या हातानं ते जाहिरातीत लिहिलं होतं, जगाला दिसेल असं, बढाई म्हणून. फक्त दोनशे बारा. मी डबा झाकला. समोर एक म्हातारा बिल घेऊन उभा होता, त्याला म्हणाले, काका, दुरुस्ती उद्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला बिनकामाचं उद्या म्हणाले.

पोलिसात जाऊन काय सांगणार होते मी? मीटर फिरलं नाही म्हणून? भावाला सांगितलं असतं तर तो काठी घेऊन गेला असता, आणि दहा मिनिटांत सगळं संपलं असतं. मला दहा मिनिटांचं नको होतं. मी नवीन सिम घेतलं. नाव घेतलं शिल्पा, ओळखीत त्या नावाची कुणी नाही म्हणून. लिहिलं, "नमस्कार. मशीन आहे का?" एका मिनिटात उत्तर. "आहे मॅडम. कधी येता?" मी चार दिवस काही लिहिलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःहून लिहिलं, "मॅडम?" तो एक शब्द मी किती वेळा बघितला. त्याच्या पुढचं ते प्रश्नचिन्ह. मला यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा भूक लागली, खरीखुरी, पोटातून. मी उभ्या उभ्या दोन भाकरी खाल्ल्या.

काम सोपं होतं. जुनं विकणाऱ्याचा जीव आशेवर असतो. कुणी फिरकत नसलं की तो चार-दोन महिन्यांनी किंमत उतरवतो, आणि उतरवली की खरा माणूस येतो. तर उतरवू द्यायची नाही. त्यानं पंच्याहत्तर केली की मी लिहायचे, "भाऊ, कमी का केलीत, आम्ही ऐंशीला तयार होतो, पाहुण्यांचं ठरायचंय फक्त." लगेच किंमत वर. मधे कुणी घासाघीस करायला लागला की तोच मला सांगायचा, मॅडम एकजण साठला मागायलाय, मी म्हणलं नांदेडचं गिऱ्हाईक हाय पक्कं. पक्कं. मी म्हणायचे, हो, पक्कं. अमावास्या झाली की येतो. गाडी मिळाली की येतो. सासऱ्यांचं श्राद्ध झालं की येतो. फोनवरही बोलायला लागले, आवाज त्यानं ओळखला नाही. तेव्हाचा आवाज माझा नव्हताच. बोलका माणूस होता. दुकान आता चालत न्हाई म्हणायचा, गुडघे धरलेत म्हणायचा, पोरगा पुण्याला, फोन करत न्हाई. मला त्याचे गुडघे ऐकायचे नव्हते. एखाद्यावर नीट दात धरून बसावं तर तो माणूस असा गुडघे घेऊन मधे येतो, याचाच मला राग यायचा. फोन ठेवला की मी तो राग पुन्हा नीट करून ठेवायचे.

आमच्या नांदेडात डॉक्टर लेनला एकजण असली मशिनं भाड्यानं देतो, दुरुस्त करतो. नाव मृत्युंजय. आईबापांनी काय विचार करून ठेवलं असेल कोण जाणे, पण धंद्याला शोभतं. त्याला मी विचारलं, हे मशीन नुसतं ठेवून दिलं तर काय होतं? तो म्हणाला, "ठेवूच नये ताई. आत पांढरे दाणे असतात, ते हवेतला ऑक्सिजन निवडून देतात. मशीन चाललं न्हाई की दाणे दमट होतात, मरतात. दोन-तीन पावसाळे गेले की संपलं." मग चालूच होणार नाही का? "होतं की. तेच तर बेकार हाय. लाइट लागतो, घरघर येते, नळीतून वारं येतं. पण नुसतं वारं, पंख्याचं असतं तसलं. पेशंटला वाटतं लागलंय आपल्याला." मी त्याच्या दुकानातून बाहेर आले आणि रस्त्यात उभी राहून हसले. म्हणजे एकेक दिवस ते मशीन मरत होतं, त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यासमोर, आणि त्याला पत्ता नव्हता. दसऱ्याला त्यानं जाहिरातीत नवीन फोटो टाकला. खंडेनवमीला भांडी, तराजू, हत्यारं पुजतात तसं त्यानं मशीन पुजलं होतं, ताजी विभूती, वर झेंडूचं फूल. दोनशे बारा.

एकदा तर मी जाऊन बघून आले. सृष्टीला तूप द्यायला लातूरला गेले होते, रविवार होता. आदल्या दिवशी शिल्पानं सांगून ठेवलं होतं, उद्या सकाळी अकराला नक्की. पत्ता पाठच होता. रिक्षावाल्याला म्हणाले, या गल्लीतून हळू घे. घरापुढं ओटा, ओट्यावर धुतलेली चादर टाकून तिच्यावर मशीन ठेवलेलं, पुसून चकचकीत. शेजारी दोन खुर्च्या, एक त्याची, एक माझी. तो मी मनात धरला होता त्याच्यापेक्षा फारच लहान माणूस निघाला. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाचा दोरा सदऱ्याच्या बाहेर आलेला. येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडं बघत होता. माझ्याही रिक्षाकडं बघितलं, थेट, अर्धवट उठला, हात जोडायला आले त्याचे. मी समोर बघत राहिले. रिक्षा गेली. सृष्टीच्या खोलीवर जाऊन मी तिच्यासाठी मग घेतलेल्या त्या जुन्या टेबलापाशी बसले, तुपाचा डबा मांडीवर तसाच. ती म्हणाली, "मम्मी, हसायलीस कामून?" मी म्हणाले, कुठं काय. दुपारपर्यंत त्याचे सात मेसेज आले. शेवटचा होता, "आई म्हणते पाहुण्यांसाठी धपाटे केलेत, उशिरा आलात तरी चालेल."

दीड वर्ष झालं याला. जानेवारीतला सोमवार, ऑफिसात लाइन लागलेली, आणि शिल्पाच्या सिमवर अनोळखी नंबर. "ताई, मी भागवत बोलतो, कंधारहून. ते लातूरचं मशीन तुम्ही घेणार हाव म्हणले ते." मी उठून जिन्यात गेले. पोरगा घाईत बोलत होता, मागं बसस्टँडचा गलका. त्याचे वडील, सटवाजी, जन्मभर कापसाच्या जिनिंगमधे. छातीत काही राहिलं न्हाई म्हणतेत. दवाखान्यातून सुट्टी दिली, घरी ऑक्सिजन लावा म्हणले. परवा सिलिंडर संपतंय. "ते मालक म्हणले, नांदेडची बाई हाय पक्की, तिनं सोडलं तर तुला कमीत देतो. मी म्हणलं मग नंबर द्या, मी बोलतो त्यांच्याशी. न्हाई न्हाई म्हणले, मग काय वाटलं काय की, दिला." मी मागितला तेव्हा नंबर नव्हता, कारण माणूसच नव्हता. आता नंबर होता, आणि तो माझा होता. "ताई, तुम्हाला कुणासाठी पाहिजे?" पोरानं विचारलं. "तुमच्याकडं जास्त नड असंल तर राहू द्या. मी काय म्हणणार न्हाई." कुणासाठी पाहिजे, याचं उत्तर माझ्या तोंडात आलं, आणि मी ते मागं ढकललं. म्हणाले, "कुणासाठी नाही. सोडलं मी. घेऊन जा." तो रडल्यासारखं काहीतरी बोलला, देव तुमचं भलं करो म्हणाला. पाठीमागं कंडक्टर अहमदपूर-लातूर ओरडत होता.

मी टेबलावर येऊन बसले, बिलं दुरुस्त करायला लागले. डोकं कसं स्वच्छ. मी हे ठरवून केलं का? त्या क्षणी ठरवलं नव्हतं. पण खुर्चीत बसले आणि सगळं आपोआप समोर यायला लागलं, आणि मी येऊ दिलं. पोरगा मशीन कंधारला नेईल. लाइट लागेल, घरघर सुरू होईल, शेजारीपाजारी बघायला येतील, बरं झालं बाई म्हणतील. नळीतून वारं. एक दिवस, दोन दिवस. आणि मग ते लोक येतील गोलाईत, चार जीपा भरून, मशीन त्याच्या ओट्यावर आपटतील. त्याचं दुकान, त्याची भांडी रस्त्यावर घरंगळत जातील, त्याचा सदरा फाटेल, आणि सगळ्या गल्लीसमोर कुणीतरी त्याला विचारेल, माहीत होतं ना तुला? मला हात लावायचीही गरज नाही. मी ते चित्र पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं, चवीनं. खाट, मशीन, घरघर. खाटेवरचा म्हातारा. त्याच्या बोटाला चिमटं. शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. पोरगा चिमटं उलटं लावतोय, बापाला आकडा दिसू नये म्हणून. मी ते फेकून दिलं, पुन्हा जीपा आणल्या, पुन्हा ओटा आणला. जीपा काही केल्या येईनात. चिमटंच येत राहिलं. समोरची बाई म्हणाली, मॅडम, माझ्या बिलावर तुम्ही चौऱ्याऐंशी कामून लिहायलात?

भागवतचा फोन लागेना. अहमदपूरच्या अलीकडं रेंज जाते. अकरा वेळा लावला. मग मी पर्समधून माझा स्वतःचा फोन काढला, जुना नंबर, एप्रिल एकवीसचा. त्यावरून गुरुपादप्पाला लावला. "बोला, कोण?" मी म्हणाले, "अंबिका. नांदेड. मल्लिनाथची बायको." पलीकडं नुसतं कटकट कटकट, कुणीतरी शेंगा फोडत असल्यासारखं. मग तो म्हणाला, "अक्का." त्यानं ओळखलं, आणि किती पटकन ओळखलं, याचंच मला नवल वाटलं. चार वर्षं तो हा फोन येईल म्हणून बसला असावा. मी विचारलं, कंधारचा पोरगा आला का? "अजून न्हाई. वाटेत हाय." मी म्हणाले, त्याला मशीन द्यायचं नाही, ते मेलंय, नुसतं वारं सोडतं, त्याचा बाप मरेल. "तुम्हाला कोण सांगितलं?" मी म्हणाले, शिल्पानं. कटकट थांबली. मग म्हणाला, "दीड वर्ष, अक्का." मी म्हणाले, "हाव. दीड वर्ष."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, माझ्याकडंही तयार होत्या. तो म्हणाला, "तवा दुसरं गिऱ्हाईक नव्हतं." मी म्हणाले, मला माहीत आहे, मीटर बघितलंय मी. "घरात आई होती, अक्का. उमाबाई. ऐंशीची. रात्री तिला जरा ठसका लागला. मला भ्या वाटलं. उद्या आपल्यालाच लागलं तर काय करू. तुम्हाला तोंडानं न्हाई म्हणवंना, म्हणून दुसरं गिऱ्हाईक म्हणलो." मी विचारलं, मग लागलं का तिला? "न्हाई," म्हणाला. "तिला काहीच झालं न्हाई. इथंच बसलीय. शेंगा फोडायलीय." आणि त्यानं सांगायच्या आधीच कटकट पुन्हा सुरू झाली होती. ती म्हातारी, जिनं माझ्यासाठी धपाटे केले होते. माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवून काय करू. ती तेव्हा मेली असती तर बरं झालं असतं, असं आलं. मशीन चालून मेली असती. आकडा तरी फिरला असता. हे आलं, आणि मी ते तसंच राहू दिलं, कारण ते माझं होतं.

"काय करू सांगा," गुरुपादप्पा म्हणाला. "भंगारात घालतो आज. तुम्ही म्हणाल ते करतो. नांदेडला येऊन पाया पडतो." मी म्हणाले, यायचं नाही. भंगारात घालायचं नाही. विकायचं नाही, फुकट द्यायचं नाही. माझा आवाज कसा निघत होता, बिल समजावून सांगतात तसा. ते मशीन आहे तिथं ठेवायचं, रोज येता-जाता दिसेल असं. दसऱ्याला विभूती लावायची, फोटो काढायचा, जाहिरातीत टाकायचा. जाहिरात काढायची नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, दुसरं गिऱ्हाईक आहे, जबान दिलीय. "आणि आकडा दिसला पाहिजे. मी रोज बघणार." तो म्हणाला, "किती दिवस, अक्का?" आला की पोराला फोन करायला सांगा, एवढं म्हणून ठेवला. भागवतचा फोन तासाभरानं आला, चिडलेला. "ताई, तुम्ही तर सोडलं म्हणला होतात. हे म्हणतेत देत न्हाई." मी म्हणाले, म्हणले होते, चुकले, आणि त्याला मृत्युंजयचा पत्ता दिला. मशीन भाड्यानं, तपासून, आजच्या आज. पोरगा मला वाईट बोलला थोडं, मी ऐकून घेतलं. संध्याकाळी मृत्युंजयनं कळवलं की कंधारला मशीन गेलं.

मे महिन्यात, सृष्टीचा निकाल लागायच्या आधीच, खोली सोडली आम्ही. टेबल विकू या म्हणाली, अॅपवर टाकू या. मी नको म्हणाले, खोलीवर नवीन आलेल्या रेणापूरच्या पोरीला ते तसंच देऊन टाकलं. शिल्पाचं सिम मोडून फेकलं. पण अॅप ठेवलंय. रोज दुपारी डबा झाला की उघडते, किंमत तीच, गिऱ्हाईक नाही, माणूस वर्षाला एक फोटो बदलतो. परवा खंडेनवमीला नवा आला. मशीन ओट्यावर, मागं भिंतीला टेकून एक म्हातारी बसलेली, कॅमेऱ्याकडं बघत नाही. तीन पट्ट्या ताज्या, मधलं बोट या वेळी थरथरलेलं, पट्टी वाकडी गेलीय. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, कोपऱ्यातलं मीटर मोठं केलं, आणि ऑफिसात कुणी ऐकतंय का न बघता मोठ्यानं वाचलं, दोनशे बारा. कमी चाललंय. यांचा त्यापुढचा शब्द मी म्हणत नाही. डबा उचलला आणि धुवायला गेले.